साध्या दिवसाची लढाई

रविवार हा कार्यकर्त्याचा सुट्टीचा दिवस कधीच नसतो. सोमवार ते शनिवार कोर्ट, पक्षकार आणि तारखा. रविवारी सकाळी विहारात वंदना, अकराला बैठक, दुपारी कुणाचा तरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आणि संध्याकाळी व्याख्यान. गेली वीस वर्षे माझा रविवार असाच जात आहे. चळवळीतील बहुतेकांचा असाच जातो आणि त्याबद्दल कुणाची तक्रारही नसते. परंतु ६ डिसेंबरनंतरच्या रविवारी आमच्या शाखेची बैठक रद्द झाली. चैत्यभूमीवरून परतलेले कार्यकर्ते प्रवासाने थकले होते, दोघे तापाने पडले होते. सचिवांचा फोन आला, "साहेब, आज राहू द्या." आणि कित्येक महिन्यांनी मला एक अख्खा दिवस मोकळा मिळाला.

त्या दिवशी मी काय केले? सांगण्यासारखे काहीच नाही. सकाळी सातला गहू-ज्वारीचे डबे घेऊन चक्कीवर गेलो. दळण होईपर्यंत मुलीला घेऊन चौकातल्या ठेल्यावर तर्री-पोहे खाल्ले. सलूनमध्ये नंबर लावला, पेपर वाचला, केस कापून घेतले. दोन डझन संत्री घेतली. साडेदहाच्या एसटीने पत्नी, मुलगी आणि मी माझ्या आत्याकडे गेलो. तिचे गाव नागपूरपासून दीड तासाच्या अंतरावर. दुपारी मडक्यावरच्या लांब रोट्या आणि झणझणीत रस्सा जेवलो, अंगणात बाजेवर बसून उकडलेल्या तुरीच्या शेंगा खाल्ल्या आणि संध्याकाळच्या गाडीने परत आलो.

हा दिवस कोणत्याही वृत्तपत्राच्या लेखी बातमी नाही. मग हा स्तंभ त्यावर का खर्च करावा? आरक्षण, खाजगीकरण, शिष्यवृत्ती, अत्याचार हे विषय संपले काय? संपलेले नाहीत. परंतु परतीच्या गाडीत खिडकीशी बसून विचार करताना माझ्या लक्षात आले की, आपली संपूर्ण चळवळ ज्यासाठी झाली ती गोष्ट याच दिवसात होती. चक्कीवर दळण, ठेल्यावर नाश्ता, खुर्चीवर बसून कटिंग, गाडीत जागा आणि नातेवाइकाच्या घरी मुक्त मनाने जाणे. ज्यांना हे जन्माने मिळाले त्यांना त्याची किंमत कळत नाही. आपल्याला ते लढून मिळाले, म्हणून आपण तरी ती विसरता कामा नये. आणि त्याच दिवशी, त्याच अंगणात, ही लढाई संपलेली नाही हेही मला कळले. ते पुढे सांगतो.

मुळात रविवारची सुट्टीच कुणी दिली? इंग्रजांनी दिली असे आपली मुले समजतात. महात्मा फुले यांचे सहकारी, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित केले, वर्षानुवर्षे अर्ज-विनंत्या केल्या, सभा घेतल्या आणि १८९० साली कामगारांच्या पदरात आठवड्याची सुट्टी पडली. पुढे व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांच्या काळात १९४५-४६ मध्ये कारखाना कायद्यात पगारी रजा आणि आठवड्याला ४८ तास या सुधारणा झाल्या. म्हणजे आज जो कामगार रविवारी मुलाला खांद्यावर घेऊन बाजारात फिरतो, त्या फिरण्यातही फुले-आंबेडकरी चळवळीचा घाम आहे. सुट्टी म्हणजे आळस नव्हे. माणूस स्वतःच्या वेळेचा मालक असणे म्हणजे सुट्टी. गुलामाला सण असू शकतो, सुट्टी नसते.

आता प्रवासाचे पाहू. मी पत्नी-मुलीला घेऊन एसटीत बसलो. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे. दोघींचे मिळून एकच तिकीट झाल्यासारखे. कंडक्टरने पैसे घेतले, तिकीट दिले, पुढे सरकला. कुठले गाव, कुणाचे घर, कोणती जात, काही नाही. या साध्या प्रवासाच्या शेजारी १९०१ सालचा एक प्रवास ठेवून पाहा.

बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात तो लिहून ठेवला आहे. सातारला राहणारी मुले उन्हाळ्याच्या सुट्टीत वडिलांना भेटायला निघाली. वडील सुभेदार रामजी गोरेगावला खजिनदार म्हणून नोकरीला होते. लहानगा भीमराव, त्याचा भाऊ आणि बहिणीची मुले. नवे कपडे, जरीच्या टोप्या, नवे जोडे. आयुष्यातला पहिला रेल्वे प्रवास, केवढा आनंद! मसूर स्टेशनावर उतरली. वडिलांना पत्रच मिळाले नव्हते, त्यामुळे घ्यायला कुणी आले नव्हते. स्टेशनमास्तरने कौतुकाने चौकशी केली. मुलांनी जात सांगताच त्याचा चेहरा बदलला. भाडे द्यायला तयार असूनही एकही गाडीवान बसवून घेईना. शेवटी दुप्पट भाडे आणि गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवान पायी चालणार, या अटीवर एक जण तयार झाला. वाटेत रात्र झाली. जवळ डबा होता, पण पाणी नव्हते. जकात नाक्यावर पाणी मागितले तर मिळाले नाही. मुले अन्न समोर ठेवून उपाशी झोपली आणि दुसऱ्या दिवशी वडिलांकडे पोहोचली.

वाचकहो, या घटनेत कुणी कुणाला मारले नाही, कुणाचे घर जाळले नाही. एक कुटुंब भेटायला निघाले होते, एवढेच. अस्पृश्यता म्हणजे काय हे समजावून घ्यायचे असेल तर हत्याकांडांच्या आधी हा प्रवास वाचला पाहिजे. जातिव्यवस्था माणसाला मारते ते कधीतरी. पण त्याचा साधा दिवस ती रोज हिरावून घेते. वडिलांना भेटायला जाण्याचा आनंद, नव्या जोड्यांचा आनंद, झुकझुक गाडीचा आनंद, हे सारे एका तहानेत बुडवून टाकते. त्याच आत्मकथनात बाबासाहेबांनी आणखी एक गोष्ट नोंदवली आहे. साताऱ्यात न्हाव्यांची कमतरता नव्हती आणि पैसे द्यायची ऐपतही होती, तरी घरातल्या मुलांचे केस मोठी बहीण कापत असे. कारण एकही न्हावी त्यांच्या केसांना हात लावायला तयार नव्हता. ही ओळ लक्षात ठेवा. तिचे काम पुढे आहे.

बाबासाहेब या वेदनेचे रडगाणे गात बसले नाहीत. त्यांनी तिचे कायद्यात रूपांतर केले. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांनी सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा सर्वांना खुल्या करण्याचा ठराव मंजूर करून घेतला. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. कागदावर तळे खुले, प्रत्यक्षात बंद! २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्या ओंजळीविरुद्ध दिवाणी दावा झाला. तो मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १७ मार्च १९३७ रोजी आपल्या बाजूने निकाल लागला. एका घोटाला दहा वर्षे! त्याच महाडात डिसेंबर १९२७ च्या परिषदेत बाबासाहेब स्त्रियांशी वेगळे बोलले. लुगडे कसे नेसावे, अंगावर जातीची खूण ठरलेले दागिने का टाकावेत, घर आणि मुले स्वच्छ कशी ठेवावीत, हे त्यांनी सांगितले. मनुस्मृती जाळणारा महामानव लुगड्याच्या नेसणीवर बोलतो, हे काहींना किरकोळ वाटेल. ते किरकोळ नव्हते. गुलामगिरी ग्रंथात लिहिलेली असते आणि अंगावर नेसवलेली असते. दोन्हीकडून ती काढावी लागते.

आणि मग संविधान. अनुच्छेद १४, १७, २१ यांवर आपल्याकडे भरपूर व्याख्याने होतात. अनुच्छेद १५ चा दुसरा खंड मात्र सावकाश वाचणारे कमी. त्यात काय आहे? दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, करमणुकीची ठिकाणे. विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते. जगातल्या राज्यघटना स्वातंत्र्य, समता यांसारख्या भव्य शब्दांनी भरलेल्या असतात. आपल्या राज्यघटनेत मूलभूत हक्कांच्या प्रकरणात विहीर आहे आणि दुकान आहे. कारण ज्या समाजाने विहीर आणि दुकान हीच हत्यारे केली होती, त्या समाजाची घटना लिहायची होती. घटनेच्या शिल्पकाराला १९०१ ची तहान आठवत नसेल असे कोण म्हणेल?

२९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या तरतुदीवर चर्चा चालू असताना 'दुकान' या शब्दाच्या व्याप्तीचा प्रश्न निघाला. बाबासाहेबांनी खुलासा केला तो प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावा असा आहे. त्यांच्या सांगण्याचा मथितार्थ असा की, जो कोणी आपली सेवा लोकांना देऊ करतो, तो प्रत्येक जण या शब्दात येतो. आणि या तरतुदीचा अर्थ केवळ आत पाऊल टाकू देणे एवढा नसून, अटी मान्य असतील तर सेवा मिळालीच पाहिजे असा आहे. याच खुलाशाचा आधार सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात घेतला. म्हणजे दाराशी उभे राहू देणे ही समता नव्हे. खुर्चीवर बसवणे ही समता आहे.

आता आत्याच्या अंगणात परत येतो.

आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना २०२२ पासून एसटी मोफत झाली तेव्हापासून ती दर महिन्याला एकटी नागपूरला लेकीकडे येते. "तिकीट मांगतच नाही कंडक्टर, मी आधार कार्ड दाखवतो," हे ती आम्हाला दरवेळी नव्याने सांगते. त्या दिवशीही सांगितले. संत्री पाहून म्हणाली, "एवढी कायले आणली?" आणि लगेच शेजारच्या चार घरी वाटून आली. पत्नीला तिने चुलीजवळ फिरकू दिले नाही. "सूनबाई, तू बस. तुह्या रविवारले तरी चूल नोको." हे वाक्य मला लागले, कारण आमच्या घरी रविवारीसुद्धा चूल तिचीच असते. तेही पुढे बोलेन.

आत्याचा नातू आयटीआय करतो. त्याचे केस मानेवर आले होते. मी सहज विचारले, "काय रे, हिरो व्हायचंय का?" तो हसला. "तालुक्याले जाणं झालं नाही काका." मी म्हटले, "तालुक्याला कशाला? बसस्टँडजवळ नवीन सलून उघडलेलं दिसलं मला." तो गप्प झाला. त्याचा बाप, म्हणजे माझा आतेभाऊ, म्हणाला, "तिथं आपला नंबर लागत नाही."

"गर्दी असते?"

"गर्दी नसते. नंबर लागत नाही."

पोराने मग सांगितले. पहिल्यांदा गेला तेव्हा मशीन बिघडली होती. दुसऱ्यांदा गेला तेव्हा "आता बंद करतो" असे उत्तर मिळाले. पण त्याच्या नंतर आलेले दोघे आत बसले. कुणी जातीचा शब्द काढला नाही, कुणी शिवी दिली नाही, कुणी धक्का दिला नाही. वस्तीतल्या इतर पोरांचाही तोच अनुभव. म्हणून सगळी वस्ती तालुक्याला जाऊन कटिंग करते. जाण्या-येण्याचे भाडे कटिंगच्या पैशांपेक्षा जास्त होते. १९०१ साली दुप्पट भाडे होते. आजही दुप्पटच आहे, फक्त ते गाडीवानाऐवजी एसटीत भरावे लागते.

त्या सकाळी मी नागपुरात पाऊण तास सलूनमध्ये बसून पेपर वाचला होता. माझ्या ताज्या कापलेल्या केसांकडे त्या पोराने एकदा पाहिले. मला त्या नजरेची लाज वाटली.

माझ्यातला वकील जागा झाला. नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५: कलम ४ मध्ये दुकानात प्रवेश नाकारणे हा गुन्हा आहे. कलम ६ तर जणू याच सलूनसाठी लिहिले आहे. नेहमीच्या व्यवहारात जी सेवा इतरांना ज्या वेळी, ज्या जागी, ज्या अटींवर दिली जाते, ती तशीच देण्यास अस्पृश्यतेच्या कारणावरून नकार देणे हा गुन्हा आहे. जातीचा उच्चार झाला नाही म्हणून काय झाले? याच कायद्याच्या कलम १२ नुसार अनुसूचित जातीच्या व्यक्तीच्या बाबतीत असे कृत्य घडले की, ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडले असे न्यायालयाने गृहीत धरायचे असते. तसे नव्हते हे आरोपीने सिद्ध करायचे. शिक्षा मात्र एक ते सहा महिने आणि दंड शंभर ते पाचशे रुपये. अॅट्रॉसिटी कायद्यातील दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली, तेव्हापासून दुकानात जाण्यास अडथळा आणणे हाही अत्याचार ठरतो. त्याच कलमात सायकल-मोटारसायकलवर बसणे, सार्वजनिक ठिकाणी पायात जोडे व अंगात नवे कपडे घालणे, लग्नाची वरात काढणे यांना अडथळा करणे हेही आहे. शिक्षा सहा महिने ते पाच वर्षे. कलम १८-अ प्रमाणे गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची गरज नाही. सामाजिक किंवा आर्थिक बहिष्काराची धमकी देणे हाही स्वतंत्र गुन्हा आहे.

हे सारे मी भडाभडा बोलून दाखवले. आत्या शेंगा सोलत ऐकत होती. माझे संपल्यावर म्हणाली, "बाबू, तुहं सारं बराबर आहे. पण तू संध्याकाळच्या गाडीनं चालला जाशीन. आमाले इथंच राहा लागते. उद्या त्याच लोकाइच्या वावरात तुरी तोडाले जा लागते."

यावर माझ्याकडे कलम नव्हते.

शहरातल्या आपल्या पुढाऱ्यांना आणि माझ्यासारख्या वकिलांनाही हे वाक्य ऐकून घ्यावे लागेल. 'समाज घाबरतो, तक्रार करीत नाही' असे आपण व्यासपीठावरून म्हणतो. समाज घाबरत नाही. समाज हिशेब करतो. गुन्हा नोंदवायचा तर पोलीस ठाण्याच्या चकरा, बुडालेली मजुरी, बंद झालेले काम, आणि तीन-चार वर्षांनी फितूर साक्षीदार. कलम १५-अ ने पीडित व साक्षीदारांना संरक्षण, प्रवासखर्च आणि निर्वाह खर्चाचा हक्क दिला आहे; तो मागून घ्यायला सोबत कोण उभे असते? खैरलांजीनंतर, २००६ साली, आपण रस्त्यावर उतरलो. मे २०१५ मध्ये शिर्डीत मोबाइलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली म्हणून आपल्या एका तरुणाचा खून झाला, तेव्हा आपण मोर्चे काढले. काढलेच पाहिजेत. पण रिंगटोन ही सुद्धा एका साध्या दिवसातली साधी आवड होती. ज्या गावात पोराला सलूनची खुर्ची नाकारली जाते आणि कुणी काही म्हणत नाही, त्या गावात उद्या त्याची रिंगटोनही खुपणार नाही याची हमी कोण देणार? मोठा अत्याचार एका रात्रीत उगवत नाही. छोट्या नकारांवर कुणी बोट ठेवत नाही, म्हणून तो वाढतो.

त्या सलूनवाल्याबद्दलही दोन शब्द. तो काही गावचा सत्ताधीश नाही. तो नाभिक समाजाचा, म्हणजे बहुजन. चातुर्वर्ण्याने त्यालाही सेवेकरीच ठरवले. त्याला भीती आहे की, आपली पोरे खुर्चीवर बसली तर बाकीचे गिऱ्हाईक उठून जाईल. म्हणजे दाबणारा तिसराच आहे आणि तो दुकानात दिसत नाही. हा गुन्ह्यातून सुटण्याचा मार्ग नव्हे. कायद्याने सेवा द्यावीच लागेल. परंतु सत्यशोधक चळवळीने विधवांचे केशवपन करू नका असे आवाहन केले तेव्हा नाभिक बांधवांनी त्याला साथ दिली होती, हा त्यांच्याच वस्तऱ्याचा इतिहास आहे. तो त्यांना सांगायला आपल्यापैकी किती जण गेलो? आपण एकतर फिर्याद करतो किंवा तालुक्याला जातो. मधली वाट चालून पाहत नाही.

आता आपल्या घराकडे वळू. दुसऱ्याकडे बोट दाखवताना स्वतःचे अंगण तपासणे ही बाबासाहेबांचीच शिकवण आहे. माझी पत्नी नोकरी करते. परतीच्या गाडीत ती म्हणाली, "आज कितीतरी दिवसांनी कुणी मला 'बस' म्हटलं." वीस वर्षे मी समतेवर बोलतो आहे आणि हे वाक्य म्हणायला अठ्ठ्याहत्तर वर्षांची, अंगठा उठवणारी आत्या लागली! हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपदाचा राजीनामा देणाऱ्या बाबासाहेबांचे आपण अनुयायी. आपल्या घरातल्या स्त्रीला रविवार आहे का, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे. लोखंड्यांनी गिरणीला सुट्टी मिळवून दिली, स्वयंपाकघराला सुट्टी आपणच द्यायची आहे.

आणि दुसरा प्रश्न त्याहून बोचरा आहे. आपल्यातले जे फ्लॅटमध्ये राहायला गेले, त्यांच्या सोसायटीत सकाळी कचरा न्यायला जो माणूस येतो, त्याला पाणी मागितल्यावर आपण कोणत्या ग्लासात देतो? त्याचे नाव आपल्याला ठाऊक आहे काय? बहुतेक वेळा तोही आपलाच, कधी मातंग, कधी वाल्मीकी. भाड्याने घर शोधताना मालकाने 'पूर्ण नाव काय' विचारले की आपल्या पोटात गोळा येतो. आणि आपणच मालक झालो की तोच प्रश्न दुसऱ्याला विचारतो, असे होत असेल तर १४ ऑक्टोबर १९५६ ला आपण दीक्षाभूमीवर काय घेतले?

साध्या सुखाला आपल्या धम्माने कमी लेखलेले नाही. काही कार्यकर्त्यांना वाटते की पोहे खाणे, पाहुण्यांकडे जाणे, मुलांशी खेळणे म्हणजे चळवळीशी बेइमानी. भगवान बुद्धांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली आहेत. कष्टाने मिळवल्याचे सुख, ते उपभोगण्याचे आणि त्यातून दान करण्याचे सुख, कर्ज नसल्याचे सुख आणि निर्दोष वागण्याचे सुख. सिगालोवाद सुत्तात मालकाने नोकराशी कसे वागावे हे सांगताना, ताकद पाहून काम द्यावे, जेवण-मजुरी द्यावी, आजारपणात काळजी घ्यावी, गोडधोड वाटून खावे आणि वेळोवेळी सुट्टी द्यावी, असे सांगितले आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी बुद्ध सुट्टीबद्दल बोलतो! बाबासाहेबांनाही पुस्तकांचे, पेनांचे, कुत्र्यांचे वेड होते. उतारवयात ते व्हायोलिन शिकत होते. एवढे डोंगराएवढे काम करणाऱ्या माणसाने हे आनंद टाकून दिले नाहीत. मग आपण कोण टिकोजी लागून गेलो?

म्हणून माझी सूचना साधी आहे. प्रत्येक विहारात रविवारच्या वंदनेनंतर दहा मिनिटे राखून ठेवावीत. भाषणासाठी नव्हे, विचारण्यासाठी. या आठवड्यात तुम्हाला कुठे नाही म्हटले गेले? दुकानात, दवाखान्यात, नळावर, शाळेच्या पंगतीत, घर भाड्याने घेताना? एक जाड वही ठेवावी. त्यात तारीख, वेळ, ठिकाण, हजर असलेल्यांची नावे आणि बोलले गेलेले शब्द जसेच्या तसे लिहावेत. आज गुन्हा नोंदवायचा नसेल तर नका नोंदवू. पण लिहून ठेवा. वकील म्हणून सांगतो, अशा खटल्यांत आपण सत्य नसल्यामुळे हरत नाही, नोंद नसल्यामुळे हरतो. आणि आपल्यातल्या वकिलांनी, प्राध्यापकांनी, अधिकाऱ्यांनी महिन्यातला एक रविवार आपापल्या मूळ गावी घालवावा. भाषणाला नव्हे, पाहुणे म्हणून. जेवायला, अंगणात बसायला. गावात आपले येणे-जाणे आहे हे दिसले तरी अर्ध्या गोष्टी सुधारतात. जो समाज संध्याकाळच्या गाडीने निघून जातो, त्याच्या भरवशावर कुणी लढत नाही.

निघताना नातू बसस्टँडपर्यंत सोडायला आला. सलून समोरच होते. आत दोन खुर्च्या, एक रिकामी. मी त्याच्याकडे पाहिले. मला वाटले आत्ताच घेऊन जावे. पण निर्णय माझा नव्हता. राहायचे त्याला होते. म्हणून मी त्यालाच विचारले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "पुढच्या रविवारी या काका. वस्तीतले आणखी चार-पाच पोरं येतीन. भांडाले नाही, फक्त कटिंगले."

आत्याला फोनवर हे सांगितले. मला वाटले ती रागावेल. ती म्हणाली, "ये. पण आधी घरी येऊन जेवून जा."

पुढच्या रविवारी शाखेची बैठक आहे. मी येणार नाही असे सचिवांना कळवले आहे. कारण विचारले तर सांगणार आहे, केस कापायला जायचे आहे. सात दिवसांपूर्वीच तर कापले, असे ते म्हणतील. तरीही जायचे आहे.

जयभीम!